दुकानातील कॉम्प्युटरला वाय-फाय का मिळत नाही?



माल गाडीत भरून झाला आहे, ड्रायव्हर चहा पिऊन परत आला आहे आणि काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर ई-वे बिलाचे पान उघडण्याऐवजी नुसते एक चक्र फिरत बसले आहे. ही पाळी केवळ शहरातल्या मोठ्या पेढ्यांवर येते असे नाही. आमच्या करमाडसारख्या जालना रोडवरच्या गावातही दुकानदाराचा सारा हिशेब आता त्या पेटीत गेला आहे. सुरतेला परत करावयाचा माल ५० हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीचा असेल तर ई-वे बिलाशिवाय गाडी हलविता येत नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाखाची आहे. बिलाशिवाय निघालेली गाडी रस्त्यात अडविली गेली आणि मालक पुढे आला, तर २०२२ पासून दंड कराच्या दुप्पट आकारला जातो. २ लाखांच्या कापडावर ५ टक्क्यांनी १० हजार कर, तर दंड २० हजार. जीएसटीआर-३बी भरायला उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये वेगळेच. एवढ्या पैशांत लहान दुकानाची इंटरनेटची सारी व्यवस्था वायरिंगसकट नव्याने होते.

असे असूनही वाय-फाय बंद पडले की आपण काय करतो? राउटरचे बटण दोनदा दाबतो, कॉम्प्युटर बंद करून चालू करतो, मग पोराला हाक मारतो आणि शेवटी इंटरनेटवाल्याला फोन लावतो. तो दुसऱ्या दिवशी येतो, नवा राउटर घ्या म्हणतो. नवा राउटर आला तरी पुष्कळदा तक्रार तशीच राहते, कारण बिघाड राउटरमध्ये नव्हताच. हिमरूच्या मागावर धागा तुटला तर विणकर सारा ताणा बदलीत नाही. कोणते टोक तुटले ते बोटाने चाचपतो, गाठ मारतो आणि पुढे विणतो. वाय-फायचेही तेच आहे.

आधी गाडी रवाना करा

दुरुस्ती नंतर करता येईल. ज्या मोबाईलवर डेटा चालू आहे त्याला चार्जिंगची यूएसबी वायर लावून तिचे दुसरे टोक कॉम्प्युटरला जोडावे. मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर ‘यूएसबी टिथरिंग’ असे लिहिलेले असते, ते चालू करावे. मिनिटाभरात कॉम्प्युटरला मोबाईलचे इंटरनेट मिळते. वायर डेटाची असावी, केवळ चार्जिंगच्या स्वस्त वायरीने हे काम होत नाही. बिल काढावे, गाडी सोडावी.

यात एक दुसरा फायदा आहे, तो लक्षात ठेवावा. टिथरिंगवर जीएसटीचे पान व्यवस्थित उघडले तर कॉम्प्युटर, ब्राउझर आणि सरकारी पोर्टल तिन्ही ठीक आहेत हे आपोआप सिद्ध झाले. दोष राहिला तो वाय-फायच्या बाजूला. टिथरिंगवरही पान उघडले नाही तर राउटरला दोष देऊ नये. पोर्टलवर गर्दी असेल किंवा कॉम्प्युटरमध्येच काही बिनसले असेल. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला, विशेषतः ११ आणि २० तारखेला, पोर्टल मंदावल्याचा तजुर्बा सर्वांनाच आहे.

बिघाड तीन ठिकाणी असू शकतो

एक, कंपनीपासून आपल्या राउटरपर्यंत आलेली लाईन. दोन, राउटर आणि कॉम्प्युटर यांच्यामधली हवा, जिच्यातून लहरी जातात. तीन, खुद्द कॉम्प्युटर. यातला कोणता भाग नादुरुस्त आहे हे पाच मिनिटांत कळू शकते, मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि नेट सुरू झाले तर कशाने सुरू झाले ते कळत नाही, आणि आठवड्याने तेच दुखणे परत येते.

पहिली परीक्षा मोबाईलची. राउटरच्या खोलीत उभे राहून मोबाईल दुकानाच्या वाय-फायला जोडावा. येथे बरेच लोक फसतात. वाय-फायमध्ये इंटरनेट नसले तर मोबाईल गुपचूप आपल्या सिमच्या डेटावर जातो, आणि आपण म्हणतो, ‘मोबाईलवर तर चालते आहे!’ म्हणून सिमचा डेटा आधी बंद करावा, मग पाहावे. मोबाईलवरही पान उघडत नसेल तर लाईन किंवा राउटर दोषी. मोबाईलवर चालते आणि कॉम्प्युटरवर चालत नाही, तर कॉम्प्युटर किंवा मधली हवा.

फायबरची लाईन असेल तर डब्यावरचे दिवे पाहावेत. ‘एलओएस’ असे लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर बाहेर कोठेतरी काचेचा धागा तुटला आहे अथवा मागचा पिवळा किंवा पांढरा पातळ वायर जास्त वाकला आहे. रस्त्याचे काम निघाले, जेसीबी फिरला की हे घडतेच. हा दिवा लाल असताना दुकानात कितीही खटाटोप केला तरी व्यर्थ आहे. कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रारीचा नंबर लिहून घ्यावा. त्या पातळ वायरीला कापडाच्या गठ्ठ्यासारखी घडी घालू नये, आत काच असते.

दुसरी परीक्षा थोडी जास्त अक्कलहुशारीची, पण एकदा शिकले की जन्मभर कामाला येते. कॉम्प्युटरवर ‘कमांड प्रॉम्प्ट’ नावाची काळी खिडकी उघडावी. तीत ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहून एंटर दाबावे. ‘डीफॉल्ट गेटवे’ या ओळीपुढे जो आकडा येतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा, तो आपल्या राउटरचा पत्ता. आता ‘पिंग’ हा शब्द, एक जागा, तो आकडा, एक जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘टी’ असे लिहून एंटर दाबावे. कॉम्प्युटर राउटरला एकसारखा आवाज देत राहतो आणि उत्तर किती मिलिसेकंदांत आले ते ओळीओळीने सांगतो. थांबविण्यासाठी कंट्रोल आणि सी ही बटणे एकत्र दाबावीत.

उत्तर सतत १ ते ५ मिलिसेकंदांत येत असेल तर मधली हवा स्वच्छ आहे. आकडा कधी ३, कधी ४००, मधूनच ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ असे दिसत असेल तर दोष दुकानाच्या आतच, राउटर व कॉम्प्युटर यांच्या दरम्यान आहे. कंपनीशी भांडून उपयोग नाही. राउटर चोख उत्तर देतो पण ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला केलेल्या पिंगला उत्तर नाही, तर लाईन पाहावी. आणि दोन्ही चोख असून पाने मात्र उघडत नसतील, तर बाजारात पोहोचलो पण दुकानाचा पत्ता सांगणारा भेटला नाही अशी गत आहे. नावाचा पत्ता शोधून देणारी ती यंत्रणा ‘डीएनएस’ म्हणून ओळखली जाते. राउटर एकदा बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू केला की पुष्कळदा ती ताळ्यावर येते.

‘आयपीकॉन्फिग’मध्ये आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू झालेला दिसला तर समजावे की राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही. नाव जोडलेले दिसेल, नेट मिळणार नाही. अशा वेळी वाय-फायच्या यादीतून दुकानाचे नाव ‘फर्गेट’ करून पासवर्ड पुन्हा द्यावा.

कापडाच्या दुकानातील खरा शत्रू: लोखंड आणि आरसा

माझ्या पाहण्यात आलेल्या दुकानांमध्ये सर्वांत जास्त घोटाळा या मधल्या हवेत आढळला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी बिनतारी लहरींनी भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखविली होती, तेव्हा भिंतीतून लहर जाते हे काही नवे नाही. साधी विटांची भिंत, लाकडी फळी, पडदा, सुक्या कापडाची थप्पी यांतून ती थोडी दमून का होईना पार होते. परंतु धातूपुढे तिचे काही चालत नाही.

आता आपल्या दुकानाकडे पाहावे. थान ज्यावर रचले ते रॅक पत्र्याचे. गल्ला लोखंडी. मागे स्टीलचे कपाट. शटर पत्र्याचे आणि गोदामाचे छत व बाजूही पत्र्याच्या. यात भर म्हणून भिंतभर आरसा. आरशाच्या काचेमागे चांदीचा पातळ मुलामा असतो, आणि तो धातू असल्यामुळे प्रकाश जसा परत फेकतो तशी वाय-फायची लहरही परत फेकतो. ट्रायल रूमच्या आरशामागे राउटर आणि आरशापुढे काउंटर, अशी मांडणी मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिली आहे. तेथे कोणताही महागडा राउटर हरणार.

चोरीच्या भीतीने किंवा उंदरांच्या त्रासाने राउटर लोखंडी पेटीत कुलूपबंद ठेवण्याचीही आपल्याकडे रीत आहे. पेटीतून जेवढे बाहेर पडेल तेवढेच नेट मिळेल. राउटर उंच, उघडा, रॅकच्या वरच्या कडेपेक्षा हातभर वर, आणि शक्य तर काउंटरवरून नजरेस पडेल असा लावावा. जेथून तो दिसतो तेथे नेट चांगले मिळते, हा ढोबळ पण कामाचा हिशेब आहे.

दुसरा अडसर खुद्द कॉम्प्युटरच्या पेटीचा. लॅपटॉपमध्ये वाय-फाय आतच असते. दुकानातल्या जुन्या डेस्कटॉपला मात्र नखाएवढे यूएसबी डोंगल लावलेले असते, तेही पेटीच्या मागच्या बाजूला. पेटी लोखंडी, ती टेबलाखाली, तिच्यामागे भिंत, बाजूला गल्ला. त्या बिचाऱ्या डोंगलने राउटरशी बोलावे तरी कसे? बाजारात यूएसबीची दीड मीटरची एक्स्टेंशन वायर किरकोळ पैशांत मिळते. तिने डोंगल टेबलावर आणून मॉनिटरच्या बाजूला उभे करावे. या एका वायरीने जेवढ्या दुकानांची तक्रार मिटलेली मी पाहिली तेवढी नव्या राउटरने मिटलेली पाहिली नाही.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फारसे कोणी सांगत नाही. कॉम्प्युटरला निळ्या रंगाचे यूएसबीचे तोंड असते, ते जास्त वेगाचे. त्या तोंडाला हार्डडिस्क किंवा पेनड्राइव्ह लावून काम सुरू असताना त्यातून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, आणि वाय-फायचा जुना पट्टा तोच आहे. टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेताना नेट तुटत असेल तर शंका येथे घ्यावी. डोंगल काळ्या तोंडाला, लांब वायरीवर लावावे.

पट्टे दोन आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब जाते, भिंती जास्त सोसते, पण तिच्यात गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, बिनतारी कॅमेरे सारे तेथेच. भारतात २००५ पासून हा पट्टा विनापरवाना वापरता येतो, म्हणून प्रत्येक जण त्यात आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान, गर्दी कमी, परंतु दोन भिंतींतच थकते. राउटर आणि काउंटर एकाच खोलीत असतील तर ५, मध्ये जुनी दगडी भिंत असेल तर २.४, असे साधे धोरण ठेवावे. जुन्या डोंगलला ५ गिगाहर्ट्झचे नाव यादीत दिसतच नाही, याचा अर्थ राउटर बिघडला असा नव्हे. तसेच नव्या राउटरवर सुरक्षेचा ‘डब्ल्यूपीए३’ प्रकार लावलेला असेल तर काही जुनी डोंगले पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत. तेथे ‘डब्ल्यूपीए२’ निवडावे. २.४ मध्ये गर्दीमुळे त्रास होत असेल तर राउटरचे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळे असेल ते द्यावे, कारण हे तीनच एकमेकांवर चढत नाहीत.

कॉम्प्युटरच्या आतले दुखणे

वाय-फायचे चिन्हच नाहीसे झाले असेल तर डोंगल काढून दुसऱ्या तोंडाला लावावे. तरीही दिसत नसेल तर स्टार्टच्या चिन्हावर उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे व ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली पाहावे. विंडोजच्या अपडेटनंतर लगेच बिघाड सुरू झाला असेल तर त्या नावाच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण दाबता येते. त्याच ठिकाणी ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल तर वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढून टाकावी. दुपारी नमाज व जेवणाहून परत आल्यावर नेट गेलेले असते आणि सकाळी मात्र ठीक असते, ही तक्रार बहुधा याच खुणेची असते. कॉम्प्युटर झोपताना डोंगललाही झोपवितो, उठताना त्याला उठवायचे विसरतो.

आता जुन्या कॉम्प्युटरचे एक खास दुखणे सांगतो. वाय-फाय पूर्ण दिसते, पिंगलाही उत्तर मिळते, काही पाने उघडतात, पण बँकेचे आणि जीएसटीचे पान ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणून नकार देते. अशा वेळी नेटकडे न पाहता पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. आत मदरबोर्डवर रुपयाएवढा गोल सेल असतो, ‘सीआर२०३२’ नावाचा, ३ व्होल्टचा. तो संपला की वीज गेल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि कित्येक वर्षे मागे जातो. सुरक्षित पानांचे प्रमाणपत्र तारखेवर तपासले जाते, त्यामुळे त्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून जारीच झालेले नसते. सेल बदलून तारीख लावली की काम झाले. घड्याळाच्या दुकानात तो सेल थोडक्या पैशांत मिळतो, आणि यासाठी नवे डोंगल किंवा नवा राउटर विकणाऱ्याला हात जोडावेत.

विंडोजमध्ये ‘नेटवर्क रीसेट’ नावाचा उपायही आहे. तो शेवटचा समजावा. त्याने साठविलेले सर्व पासवर्ड जातात, म्हणून ते आधी वहीत उतरवावेत.

वीज आणि उन्हाळा

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी दोन ते पाच नेट तुटते आणि मगरीबनंतर आपोआप सुधारते, असे होत असेल तर राउटरला हात लावून पाहावा. बहुतेक घरगुती राउटर सभोवतालचे तापमान ४० अंशांपर्यंत असावे या हिशेबाने बनविलेले असतात. आपल्या मराठवाड्यात बाहेरच पारा ४० च्या वर जातो, मग पत्र्याखाली माळ्यावर काय होत असेल? राउटर छतापासून खाली आणावा, त्यावर थान किंवा वह्या ठेवू नयेत.

वीज गेली की इन्व्हर्टर सुरू व्हायला क्षणभर लागतो. दिवा नुसता लुकलुकतो, पण राउटर बंद पडून पुन्हा उठतो आणि त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. नेमके त्याच वेळी ओटीपी आलेला असतो. राउटरसाठी १२ व्होल्टचा लहान यूपीएस मिळतो, तो घेण्यासारखा आहे. घेताना आपल्या राउटरच्या अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट व अँपिअर जुळवून घ्यावेत. अडॅप्टर जुना होऊन अशक्त झाला तरी राउटर मधूनच आपोआप बंद-चालू होतो, दोष मात्र नेटला मिळतो.

आणि इतके करूनही जमले नाही तर

दुकानदार अशा वेळी सिग्नल वाढविणारा ‘रिपीटर’ गळ्यात मारतो. तो एका जागी बसलेल्या एकाच कॉम्प्युटरसाठी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा रिपीटर एकाच लहरीवर ऐकतो आणि त्याच लहरीवर बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. मोबाईल खिशात फिरतो, त्याला वाय-फाय पाहिजे हे खरे. परंतु काउंटरवरचा कॉम्प्युटर दहा वर्षे जागचा हलत नाही. त्याला हवेच्या भरवशावर कशासाठी ठेवायचे? राउटरपासून त्याच्यापर्यंत लॅनची वायर ओढावी. बहुतेक डेस्कटॉपला तिचे तोंड मागे आधीपासूनच असते. ‘कॅट-६’ वायर १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते, म्हणजे दुकानापासून मागच्या गोदामापर्यंत सहज.

वायर घेताना पारख करावी. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. असली आणि नकली जरीत जो फरक तोच येथे. टोक चाकूने खरवडून पाहिले की आतला पांढरा रंग दिसतो. शुद्ध तांब्याचीच वायर मागावी. ती विजेच्या वायरीबरोबर एकाच पाइपातून नेऊ नये, आणि शटरच्या खाचेतून तर मुळीच नाही. दुकान एका मीटरवर आणि गोदाम दुसऱ्या मीटरवर, मध्ये उघडे अंगण असेल तर तांब्याची वायर बाहेरून टाकू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज कोसळली तर तिचा झटका त्या वायरीतून दोन्ही टोकांच्या यंत्रांत शिरतो. तेवढ्या तुकड्यासाठी फायबर टाकून घ्यावी. काचेतून वीज वाहत नाही.